ताणलेली दोरी

"उपट ती ओळ! अख्खी उपट!" गौराबाई बांधावरून ओरडली.

संजना वाकलेली होती ती तशीच राहिली. सकाळपासून ही तिसरी ओळ. कालच्या दोन वेगळ्याच. लग्नानंतरची तिची ही पहिली भातलावणी. शेलूच्या बिल्डिंगीत वाढलेली पोर, पण चिखलाला तिनं एकदाही नाक मुरडलं नव्हतं. सासूनं एकदा तरी 'बरी लावलीस' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. आणि सासू म्हणत होती, आज जमलं नाही तर उद्यापासून तू घरात भाकऱ्या थाप, मी बाया लावते.

गौराबाईचा दराराच तसा. दोरीवर भात लावावा तर तिनंच. कडाव गावातली माणसं तिच्या बांधावर थांबून ओळी बघून जायची.

"आई, दोरीला धरूनच लावलीय हो. दोरी सरळ आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं! मदी बाक आलाय, दिसत नाय तुला? डोळं हायत का बटनं?"

संजनाचं डोकंच फिरलं. तिनं या टोकाची खुंटी उपटली आणि दोरी मनगटाला गुंडाळून ताणली.

"आता?"

"ताण अजून."

तिनं टाच रोवून ताणली. दोरी मनगटात रुतली.

"आता?"

"बाक हायच! अगं, जीव नाय का हातात?"

संजनानं रागानं असा हिसडा दिला की दोरी चिखलावर आपटली आणि शिंतोडा थेट सासूच्या उजव्या डोळ्यात गेला. मेले, आता काही माझी धडगत नाही, असं तिला वाटलं.

पण गौराबाई उजवा डोळा पदरानं दाबून दोरीकडं बघत राहिली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. दोरी धुरकट दिसत होती, पण सरळ. काठीसारखी सरळ. तिनं उजवा डोळा नीट पुसला, मग डावा झाकला. दोरी मधोमध वाकली. तिनं तसंच सुनेकडं पाहिलं. सुनेचे हात दिसले, पाय दिसले. तोंडाच्या जागी नुसता करडा डाग होता.

"संजना, खालापूरच्या डोळ्यांच्या शिबिरात डाक्टरबाईनं चौकटींचा कागद दिलेला, तो कुटं हाय गं?"

"कॅलेंडरच्या मागं. तुम्हीच म्हणालात ना, फुकटचा कागद, रेघा वाकड्या छापल्यात."

"काय सांगितलेलं तिनं?"

"एकेक डोळा झाकून बघायचं. वयामुळं डोळ्याच्या आतला पडदा बिघडला की सरळ रेघा वाकड्या दिसतात, मग मधलं दिसेनासं होतं. तसं दिसलं तर लगेच या म्हणाली. वेळेवर इंजेक्शन घेतलं तर उरलेली नजर राहते. गेलेली बहुतेक परत…"

"कवा झालं शिबिर?"

"दोन महिने झाले, आई."

गौराबाईनं पुन्हा डावा डोळा झाकून दोरीकडं पाहिलं.

"सोड ती दोरी," ती म्हणाली. "तुजी ओळ सरळ हाय गं. कालच्याबी सरळच असतील. चल, मला आत्ताच्या आत्ता डाक्टरकडं ने."

दोन दिवस हेच ऐकायला संजना तळमळत होती. ऐकलं, आणि तिला रडूच फुटलं.