लाल फुलीचा गठ्ठा

"यंत्रात तुम्ही मयत दिसताय, बाई. ऑपरेशनची तारीख मिळणार नाही," नोंदणी कचेरीतले कारकून धामणस्कर म्हणाले.

मालिनी परुळेकरांनी आपलं भोकं पाडून माहिती नोंदवलेलं पंचकार्ड हिसकावून उजेडात धरलं. कार्डांच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी कागदच तपासला होता.

"'मयत'च्या रकान्यातलं हे भोक नाही, कागदात राहिलेला कोळशाचा कण आहे! त्यातून वीज जाते आणि तुमचं यंत्र त्याला भोक समजतं. कोपऱ्यातली लाल फुली दिसत नाही? हा अख्खा गठ्ठा मी स्वतः नापास केला होता. वापरलात कसा?"

"मयताची तक्रार घेता येत नाही."

"असं? तुमचं कार्ड काढा."

धामणस्करांनी हसत खिशातून कार्ड काढलं. कोपऱ्यात लाल फुली होती. त्यांचं हसू मावळलं.

"घाला की आता यंत्रात!" परुळेकरबाई कडाडल्या.