शेवटचा संन्यासी काय म्हणाला

"बाबा म्हणतायत, तुमचं सगळ्यांचं भलं होवो," गाईडने ठोकून दिलं.

खरं तर म्हातारा म्हणाला होता, "मला खाली न्या. बहिणीच्या घरी मरायचंय मला." गेली दोन वर्षं तो प्रत्येक ट्रेकरचा हात धरून हेच म्हणत होता. पण डोंगरापलीकडची त्याची बोली इथे कोणाला कळतेय! गाईडची आई तिकडची, म्हणून त्याला ती येत होती.

मठ कधीचाच ओस पडला होता. बाकीचे संन्यासी एकेक करून वारले. हा एकटाच उरला, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर वरच अडकला. लोक दोन तास धापा टाकत चढायचे ते त्यालाच बघायला. तो गेला की वर राहणार काय? टेबलासारखा सपाट माथा आणि वारा. त्यावर गाईडचं पोट कसं भरणार? म्हाताऱ्याची त्याला दया यायची, नाही असं नाही. औषधं तो न चुकता वर न्यायचा. म्हाताऱ्याला खाली आणायचं नाव मात्र काढायचा नाही.

त्या दिवशीच्या आठ जणांत पन्नाशीची एक बाई होती. ती सगळ्यांना बाजूला सारत पुढे आली आणि म्हाताऱ्यासमोर उकिडवी बसली. "मामा," ती चक्क त्याच्याच बोलीत म्हणाली, "मी तुमच्या बहिणीची मुलगी."

गाईडच्या तोंडचं पाणी पळालं. मेलो! आता सगळं बाहेर येणार.

म्हाताऱ्याने तिचा हात छातीशी घट्ट धरला आणि तो हमसून हमसून रडायला लागला. "आलीस गं बाई! ने मला घरी. माझी खोली आहे ना अजून?"

"आई गेली, मामा. खोलीत आता माझा मुलगा-सून राहतात."

"मग जिन्याखाली पडेन. किती दिवस उरलेत माझे? पण ने."

बाकीच्यांना एक अक्षर कळत नव्हतं. पण एका धिप्पाड ट्रेकरला राहवलं नाही. त्याने पाठीवरची सॅक उतरवून ठेवली.

"ताई, का रडतायत हो बाबा? कुठे न्यायचंय का त्यांना? मी पाठीवर घेतो, काही जड नाहीत."

बाईने आपला हात हळूच सोडवून घेतला. रुमालाने डोळे पुसले. गाईडकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

"नाही हो," ती म्हणाली. "ते म्हणतायत, काही झालं तरी मला इथून हलवू नका."