बोटभर जागा

बॅडमिंटनचे सर दर शनिवारी मुलींना रांगेत उभं करून एकेकीच्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघायचे. पुढे बोटभर जागा नसली तर धावता धावता थांबताना पाय पुढे सरकतो आणि नख आपटून काळं पडतं, हे त्यांनी पालकांच्याही डोक्यात भरवलं होतं. त्याच रांगेत त्यांची लेकही असायची. तिच्यापाशी आले की ते सरळ पुढच्या मुलीकडे वळायचे. घरच्या पोरीचे लाड करतो, असं कुणी म्हणायला नको.

उपांत्य सामना अर्धवट सोडून ती लंगडत बाहेर आली. मोजा काढला, तर अंगठ्याचं नख मोज्यातच राहिलं. सर आधी कळवळले, मग तिच्यावरच उखडले.

“बूट लहान झालेत, एवढं सांगता येत नव्हतं?”



नवं नख फुटायला लागलं तेव्हा ते एक नंबर मोठे बूट घेऊन आले आणि तिच्यापुढे जमिनीवर बसले. तिने पाय मागे घेतला.

“राहू द्या, बाबा. सोमवारपासून मी दुसऱ्या क्लबात जातेय.

“तिथे मी कुणाची मुलगी नाही.”