निळं पाणी

बर्निसने पाण्याच्या डब्यावर बोटांनी ठोकलं, कागदावर खूण केली आणि पुढच्या ट्रकला हात केला. सकाळपासून हेच चाललं होतं. प्रत्येक ट्रकमागे खताच्या अमोनियाची लांबट पांढरी टाकी, सोसायटीत पुन्हा भरून घेतलेली, आणि टाकीच्या अंगाला साध्या पाण्याचा एक डबा. मक्याच्या रानात अमोनिया सोडताना नळी सुटली आणि अमोनिया डोळ्यांवर आला, तर धुवायला तेवढंच पाणी जवळ. म्हणून पाण्याशिवाय टाकी शेतकरी सोसायटीच्या फाटकाबाहेर सोडायची नाही, हा नियम. आणि तो पाळला जातोय का ते बघायला गेले चौदा दिवस एकटी बर्निस.

खरं तर झाकण उघडून आत बघायचं असतं. पण झाकणं थंडीने आवळून बसलेली, तिची बोटं सुजलेली, आणि रांग थेट हमरस्त्यापर्यंत. उद्यापासून बर्फ पडणार होता. जमीन गोठली की अमोनिया आत जात नाही, त्यामुळे जो तो घायकुतीला आलेला. मग आज ती नुसतं ठोकून बघत होती. आता तिच्या जागी दुसऱ्या कोणी काय वेगळं केलं असतं, मला तरी सांगता येणार नाही.

लोवेलचा ट्रक पुढे आला. दोघं शाळेत एका वर्गातली.

"आटप गं बाई लवकर! नाहीतर माझं थडगं इथेच बांध."

"बांधते. वर लिहिते, बडबडून मेला."

तिने डब्यावर ठोकलं. आत पाणी डुचमळलं. खूण करता करता तिचा हात थांबला.

"टाकी रात्री कुठे होती रे?"

"रानात. आणखी कुठे असणार?"

"मग पाणी गोठलं कसं नाही?"

लोवेल खुशीत हसला. "त्याला डोकं लागतं. रोज संध्याकाळी डबा रिकामा करा, रोज सकाळी पुन्हा भरा, सांगितलंय कोणी? काल एकदाच भरून टाकला. आता वसंतापर्यंत बघायला नको."

बर्निसने दोन्ही हातांनी झाकण पिळलं. दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा निघालं. आत बोट बुडवलं तर बोट निळं. गाडीच्या काचेवर मारतात ते निळं पाणी, कितीही थंडी पडली तरी न गोठणारं. वासाने तिला ठसका लागला.

"अरे गाढवा," ती म्हणाली. ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"का? डबा भरलेला आहे ना? नियमात कुठे लिहिलंय की..."

"तुझ्याकडे नळी कोण जोडतं?"

"डोरिन. मी ट्रॅक्टरवर, बायको नळीवर. तीस वर्षं झाली. का?"

बर्निसने निळं बोट त्याच्या डोळ्यासमोर धरलं. "वर बघ. एक थेंब घालते."

तो झटकन मागे सरला.

"तुला एक थेंब नको. आणि डोरिनने जळते डोळे घेऊन चाचपडत यायचं, आणि हे ओंजळीने डोळ्यांत मारायचं?"

 लोवेलने डबा सोडवला आणि खडीवर उपडा केला. मागून भोंगे वाजत होते. निळं पाणी त्याच्या बुटांखालून वाहत गेलं. तिला त्याचा संताप आला होता, आणि त्याला तसा वाकलेला बघून कीवही आली.

"नळ तिकडे आहे," ती म्हणाली. "तीनदा विसळ."

तो निघाला, आणि तिची नजर हातातल्या कागदावर गेली. अकरा खुणा. अकरा टाक्या रात्रभर रानात उभ्या होत्या, आणि आता फाटकाबाहेर गेल्या होत्या. अकराही डबे ठोकल्यावर डुचमळले होते. एकातही बर्फ वाजला नव्हता, आणि ते तिला आता कळत होतं.



"लोवेल! थांब. ही अक्कल आणखी कोणाला शिकवलीस?"

तो डबा घेऊन तसाच उभा राहिला. "काल सकाळी... कॅफेत. कॉफी पिता पिता सांगितलं. सगळे म्हणाले, भारी आहे."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांग."

लोवेलने डबा खाली ठेवला, एक हातमोजा काढला आणि बोटांवर मोजायला लागला. "एल्डन. मग तो धाकटा हार्म्स..."

बर्निसने एल्डनला फोन लावला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलेना.

"...त्याचा मेहुणा. पास्टरचा जावई. व्हर्लिन."

एका हाताची बोटं संपली. लोवेलने दुसरा हातमोजा काढला.