नाकानो पैलवानाची जोड

"वाकायचं. पाया पडायचं न्हाई, नुसतं कमरेतनं वाकायचं," शिवांजली तालमीच्या उंबऱ्याबाहेरून म्हणाली. "आणि सूरज, हात लोंबकळत सोडू नकोस रं. मांडीला चिकटव."

सूरज वाकला. अंगभर लाल माती, दंड फुगलेले, आणि तोंड मात्र शाळेत शिक्षा झाल्यासारखं. बाकीची पोरं खिदळली.

"हसतायसा काय?" कृष्णात वस्ताद खेकसले. "परमुलखातला पैलवान येतोय. वडूजच्या बाजारात आपलं नाव निघालं तर मानानं निघालं पाहिजे. वाका समदी!"

समदी वाकली.

शिवांजली वस्तादांची नात. कराडच्या इंजिनीअरिंग कॉलेजातनं सुट्टीला आलेली, तिथंच जपानी भाषाही शिकलेली. मॅटवरच्या कुस्तीत तिनं दोन पदकं मारली होती, आणि ती आजोबांनीच कौतुकानं भिंतीला टांगली होती. पण आजोबांच्या तालमीतल्या मातीला तिचा पाय कधी लागला नव्हता.

"मॅटवर खेळ, माझी ना न्हाई," ते म्हणायचे. "ह्या उंबऱ्याच्या आत बाईमाणूस आलं न्हाई. माझ्या हयातीत येणार बी न्हाई."

निम्मे डाव ती ह्याच उंबऱ्याबाहेर उभी राहून शिकली होती. आजोबांचं ते वाक्य तिला दर वेळी तितकंच लागायचं.

तालमीचे व्हिडिओ तीच मोबाईलवर टाकायची. ते बघून जपानातनं नाकानो नावाच्या सुमो पैलवानाचं पत्र आलं होतं. भारतात येणं होतंय, तुमच्या मातीत तुमच्या रीतीनं एक कुस्ती खेळायची इच्छा आहे.

"वजन किती?" वस्तादांनी पहिलाच सवाल केला.

"बासष्ट किलो."

"बासष्ट? सुमोचा गडी म्हंजे रेडा असतोय की!"

"हौशी सुमोत वजनगट असत्यात, आजोबा."

वस्तादांनी उत्तर सांगितलं, तिनं जपानीत लिहून काढलं. 'आपल्या वजनाची जोड आम्ही देऊ. जोड दिल्याबिगर पाहुण्या पैलवानाला माघारी धाडायची आमच्याकडं रीत नाही.' खाली वस्तादांची झोकदार सही आणि तालमीचा शिक्का.

"एकदा वाचून दाखवू का?"

"वाचायचं काय त्यात? शब्द दिला म्हंजे दिला."

शिवांजलीनं कागदाची घडी घातली. "आजोबा, पाहुण्यांचं सगळं नीट पार पडलं, तर मला एकदा मातीत उतरू द्या. एकदाच."

"ते सोडून काय बी माग."

तिनं दुसरं काही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत उंबऱ्यापाशी हजर.

महिनाभर तिनं तालमीला पिदडलं. चपला काढल्या की त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवायची. पाहुण्यानं कार्ड दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचं, वाचायचं, लगेच खिशात कोंबायचं नाही. हाक मारायची ती आडनावानंच, आणि पुढं 'सान' लावायचं.

"आणि जिंकलास तर शड्डू ठोकायचा न्हाई, नाचायचं न्हाई. हरलेल्याचा अपमान होतोय. सुमोत जिंकलेला गप वाकतो आणि जातो."

"मग जिंकायचं कशाला?" सूरज रडकुंडीला आला.

"फोटो तरी दाखव की त्यांचा," दुसरा कोणी म्हणाला.

"फोटो मागणं तिकडं बरं दिसत न्हाई," शिवांजली म्हणाली. बाकीच्या सगळ्या रीती ती मोबाईलमध्ये बघून सांगायची. ही तेवढी तोंडपाठ होती.

जोडीला सूरज ठरला होता. पण तो भरायचा सदुसष्ट किलो. वस्तादांनी त्याचं दूध तोडलं आणि रोज माळापर्यंत पळवायला सुरुवात केली. त्याच्या वाटणीचा तांब्या वस्तादांच्या ओसरीवर तसाच राहायचा. तो शिवांजली उभ्या उभ्या रिकामा करायची. "म्हशीचं दूध हाय, वाया कशाला घालवायचं?" सूरज बिचारा त्या तांब्याकडं बघत बसायचा.

पाहुणे यायच्या दिवशी अख्खा गाव लोटला. हलगी कडाडली. पुण्याहून आलेली गाडी तालमीसमोर थांबली, पुढचं दार उघडून उंचापुरा गडी उतरला, आणि सगळी तालीम कमरेतनं वाकली. तो ड्रायव्हर निघाला.

मग मागच्या दारातनं एक तरुण बाई उतरली. केस घट्ट बांधलेले, खांद्याला बॅग, मान पोलादी. उंबऱ्यापाशी येऊन तिनं बूट काढले, त्यांची तोंडं बाहेर वळवली, वाकली आणि दोन्ही हातांनी कार्ड पुढं केलं.

वस्तादांनी तेही रीतीनं घेतलं. मग तिच्या मागं, गाडीकडं बघितलं. "पैलवान कुठं हायत?"

"ह्याच नाकानो-सान," शिवांजली म्हणाली.

हलगी थांबली. सूरज दोन पावलं मागं सरकला. "वस्ताद, बाईमाणसाला मी हात लावणार न्हाई."

"लावून तर बघ!" वस्ताद कडाडले आणि नातीकडं वळले. "आधी का सांगितलं न्हाईस?"

"तुमी वजन इचारलं. दुसरं काय इचारलंच न्हाई."

पाहुणीनं बॅगेतनं एक कागद काढला. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. ती हळू आवाजात काही बोलली.

"जोड कुठं हाय, म्हणतायत."

वस्ताद बराच वेळ स्वतःच्या सहीकडं बघत राहिले. मग उभ्या गावाकडं. मिशीवरचा घाम त्यांनी पंच्यानं पुसला.

"शब्द मोडायचा न्हाई," ते पुटपुटले. "पण बासष्ट किलोची बाई आता मी आणू कुठनं?"

शिवांजलीनं पायातल्या चपला काढल्या. त्यांची तोंडं बाहेर वळवली.

"सूरजचं दूध अंगी लागलंय, आजोबा. काल काट्यावर बरोब्बर बासष्ट भरले."