सातुर्योची जर्सी

सातुर्योला त्याच्या बास्केटबॉल क्लबच्या जर्सीतच पुरायचं, हे घरात कधीचं ठरलेलं होतं. प्रश्न एवढाच, की कुठल्या? जो पैसे ओतेल त्याचंच नाव या क्लबला लागायचं. आधी सॉसेजवाला झाला, मग बँक, मग सिमेंटवाला आणि आता गावातली अंत्यविधी कंपनी. "जिवंतपणी मयतवाल्यांचं नाव छातीवर मिरवू?" म्हणत सातुर्यो त्या नव्या जर्सीला शिवलाही नव्हता.

बायकोने, कासिल्दाने, सॉसेजवाल्यांची जर्सी काढली. त्याच जर्सीत क्लब पहिल्या श्रेणीत गेला होता; पुढे नुसती घसरगुंडी. आता ती सातुर्योच्या पोटावर बसेना, म्हणून तिने पाठीमागून उभी कापली. समोरून अगदी झोकात दिसत होती.

तेवढ्यात अंत्यविधी कंपनीचे मालक लेआंद्रो नवीकोरी जर्सी घेऊन आले.

"बाई, ही आमच्याकडून भेट. अंत्यदर्शनाला सगळं गाव लोटणार. क्लबचं आजचं नाव दिसलेलं बरं, नाही का?"

कासिल्दाने जर्सीची घडी नीट केली आणि त्यांच्या हातात परत ठेवली.

"लेआंद्रो, माणूस तुमच्याच पेटीत झोपलाय. अजून किती जाहिरात करायची त्याने?"