दोन्ही पाय तपासले

मधुमेहाचे रुग्ण दोनशे बारा आणि दोनशे बाराही नोंदींत एकच वाक्य: 'दोन्ही पाय तपासले, जखम नाही.' अमेरिकेत आयोवातल्या दवाखान्याच्या संगणकावरच्या नोंदी सरकारी नियमांत बसवून देणं हे माझं काम. "हे वाक्य आपोआप उमटतं?" मी विचारलं. "मीच तशी सोय केली," डॉक्टर हॉगन डोनट चघळत म्हणाले. "सरकारला चौकटीत खूण हवी पोरी, पाय नकोत. दे अहवाल पाठवून." बाहेर त्या दोनशे बारांतलेच ऑर्विल आजोबा तपासणी उरकून कोट चढवत होते. "आजोबा, आत पाय दाखवलेत?" "छे गं! डॉक्टरांना स्क्रीनमधून डोकं काढायला सवड कुठाय?" मी नर्सला हाक मारली. तिने आजोबांचा बूट काढला. मोजा कातडीला चिकटला होता. सोलताना कुजका वास आला. "दुखत नाही," आजोबा म्हणाले. मोजपट्टीवर जखम चार सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर खोल.